सरांनी मासे घेतलेत

१९७१ साल. बाबा विमानाचे कॅप्टन, आणि मला मागणी घालायला दुपारी जेवायला आलेला मुलगा त्यांचाच को-पायलट. आईने कोंबडी केली होती, मी मासे. बाबांनी कौतुकाने माझे मासे घेतले. त्याने मात्र फक्त कोंबडी वाढून घेतली.

“अरे, मासे पण घे की, सकाळपासून खपलीय ती,” आई म्हणाली.

“काकू, सरांनी मासे घेतलेत ना, मग मला दुसरं काहीतरी खावं लागतं. एकाच जेवणाने दोन्ही पायलट आजारी पडले तर विमान कोण उतरवणार?”

“इथे कुठलं आलंय मेलं विमान!” आई फणकारली, आणि तिने व मी हट्टाने मासेच खाल्ले.

तासाभरात आम्ही तिघं पोट धरून गाडीत बसलो होतो. गाडी चालवण्याजोगा तोच एकटा उरला होता. दवाखान्याच्या दारात मागच्या सीटवरून बाबा कण्हत म्हणाले, “पोरगा नियमाला पक्का आहे. दिली मुलगी!”

आई-बाबा नव्वदी पाहून गेले. हे पुढे कॅप्टन झाले, निवृत्तही झाले. आमच्याकडे मात्र आजही रोज दोन भाज्या होतात, एक माझ्यासाठी, एक ह्यांच्यासाठी.