अंजीर निजवताना

पिट्सबर्गचा हिवाळा तोंडावर आला, तसा साव्हेरिओ अंजिराकडे बघून उसासे टाकू लागला. इटलीतल्या कॅलाब्रियाहून आणलेलं झाड गोठू नये म्हणून तो दरवर्षी ते चरात आडवं पुरायचा. यंदा ऑपरेशननंतर फावडं धरायला बंदी होती. “मरू दे आता,” तो म्हणाला. बायको नुन्झिया त्याचेच बूट चढवून अंगणात उतरली. “जन्मभर या सवतीला शिव्या घातल्या, म्हणून थंडीत मारू होय?” तिनं चर खणला, पाचोळा अंथरला, झाड कलावं म्हणून एका बाजूची मुळं तोडली. झाड वाकेना. “जोर लाव!” तो खुर्चीवरून ओरडला. “तू येऊन झाडाला नुसता टेक, म्हाताऱ्या!” तो टेकला. दोघांच्या भारानं झाड कललं आणि तिघंही पाचोळ्यात आडवी झाली. नुन्झिया हसत सुटली. शेजारीण कुंपणापलीकडून ओरडली, “उचलायला येऊ का?” साव्हेरिओ बायकोच्या केसांतली पानं काढत म्हणाला, “ये गं सावकाश.”