बरणीतला जंत

बरणी तिने नर्सबाईंच्या टेबलावर अशी आदळली, की गोळ्यांचा डबाच आडवा झाला. आत पाण्यात वीतभर लांबीचा पांढरा जंत पडला होता.

“काल माझ्या थोरलीला शाळेत गोळी दिलीत, आणि आज हे पडलं,” ती म्हणाली. “एवढी मोठी झाली पोर, कधी एक जंत पडला नाही. काय घातलंत हो त्या गोळीत?”

तिच्यामागे वर्गाच्या दारात इतर आया उभ्या होत्या, पोरांचे हात घट्ट धरून. काल मोठे वर्ग झाले होते, आज पहिलीची पाळी होती. बातमी मात्र गोळीच्या आधी घरोघरी पोचली होती.

“अहो, जंत आधीपासूनच होता तिच्या पोटात. गोळीनं मेला म्हणून पडला.” सकाळपासून हेच सांगून नर्सबाईंचा घसा बसला होता. “मातीतून येतात, न धुतलेल्या हातांनी पोटात जातात.”

“म्हणजे आम्ही घाणेरडे?”

घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानंच माफी मागायची.

शेवटी नर्सबाईंचं डोकं फिरलं. डब्यातली एक गोळी काढून त्यांनी सगळ्यांदेखत कचाकचा चावली आणि गिळली. “बघा! विष आहे का यात?”

दारातल्या आयांमधली एक आजी शांतपणे म्हणाली, “बरं. मग उद्या सकाळी आम्हाला दाखवा, काय पडतं ते.”

नर्सबाईंनी डब्याचं झाकण लावलं. काही पडलं, तर ते गोळीनंच केलं. नाही पडलं, तर बाईंची गोळी वेगळी होती. बोलून उपयोग नव्हता. समोर पोरं उभी होती, हातापायांच्या काड्या आणि पोटं टम्म. नर्सबाईंना रडू आलं, तेही रागानं.

आया पोरांना घेऊन निघाल्या. बरणीवालीची धाकटी पहिलीतच होती. पोट दाबून भिंतीला टेकली होती, ओठ पांढरेफटक.

“आई,” सोबत आलेली थोरली हळूच म्हणाली, “माझं पोट आज दुखत नाहीये. हिलापण देऊ दे ना गोळी. हिच्यापण पोटात असतील.”

“काहीतरीच बोलू नकोस,” आई म्हणाली आणि धाकटीला उचलून तिने छातीशी धरलं. “हिच्या पोटात कुठून येणार? हिनं अजून गोळी खाल्लीय का?”