शेठचं नाव

“नाव सांगा, बाई. मत कुणाला?” कारकुनानं दुसऱ्यांदा विचारलं.

पार्बताबाईनं पदर सारखा केला. कडेवर देवीदास होता. मागं राजापेठेतल्या साऱ्या माळणी रांगेत उभ्या होत्या. लिहिता न येणाऱ्यानं उमेदवाराचं नाव तोंडानं सांगायचं आणि कारकुनानं कागदावर खूण करायची, अशी त्या काळी पद्धत होती. आणि उमेदवार होता तिचा नवरा, ज्याला सारे शेठ म्हणत.

नवऱ्याचं नाव कोणती बाई घेते? मागच्या बायकांचीही तीच अडचण. कुणाचा तो भासरा म्हणजे थोरला दीर, कुणाचा चुलतसासरा. त्यांनीही त्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. म्हणून शेठनं भावकीत आधीच ठरवून घेतलं होतं. पहिलं नाव पार्बतानं घ्यायचं, मग बाकीच्यांनी. घरधनीणच बोलली म्हणजे मग कुणाला लाज राहत नाही. रोज जेवण झालं की तो तिला समोर बसवी.

“म्हन. हासू नको. म्हन.”

“तिथं गेल्यावर म्हनीन,” ती पदरात तोंड लपवून म्हणे.

शेठ फुलांचा व्यापारी. सभा कुणाचीही असो, हार त्याच्या दुकानचे. थेट अकोल्यापर्यंत जात. कितीतरी वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या गळ्यांसाठी हार विकले. मग एका सभेत कुणीतरी उरलेला हार त्याच्याच गळ्यात घातला, आणि त्या दिवशी त्याला फुलांचा वास वेगळाच आला. तेव्हापासून तो दुकानात कमी आणि व्यासपीठावर जास्त. आता ही म्युनिसिपालटी, पुढं नागपूरचं कौन्सिल.

“निवडून आलो त दुकान भाऊ पाहीन,” तो सांगे. “पडलो त आपलं दुकान बरं न् आपन बरे. पन पडत नाही मी.”

पार्बताबाई ऐकून घेई. मागच्या आखाडात देवीदास तापानं फणफणला, तेव्हा शेठ अकोल्याला होता. तिनं माणूस धाडला. माणूस उत्तर घेऊन आला, उद्या भाषण आहे, परवा येतो. तिनं पोराला खांद्यावर टाकलं आणि एकटीनंच दवाखाना गाठला. ताप उतरला. उजवा कान मात्र गेला. शेठ आला तो सुकलेले हार हातात घेऊन.

“वाचला ना पोरगा,” तो म्हणाला.

ते खरंच होतं.

कारकून समजूतदार होता. त्यानं वाकून पोरालाच विचारलं, “काय रे, तुझ्या बापाचं नाव काय?”

तो नेमका उजव्या बाजूनं बोलला. देवीदासला फक्त त्याचे ओठ हललेले दिसले. त्यानं सगळं तोंड फिरवलं आणि डावा कान पुढं केला. कारकुनानं पुन्हा विचारलं.

“शेठ,” देवीदास म्हणाला.

रांग हसली. पार्बताबाई पोराच्या त्या पुढं आलेल्या कानाकडं पाहत राहिली.

“बोला ना जी बाई,” मागून धाकटी जाऊ मनकर्णा कुजबुजली. “तुमी बोलसान त आमी बोलू.”

पार्बताबाईनं मान खाली घातली. ओठ हलले. आवाज निघाला नाही.

“मत बाद,” म्हणत कारकुनानं कागद बाजूला टाकला. मग मनकर्णा पुढं आली, लाजली, परत फिरली. तिच्यामागची तर पुढं आलीच नाही.

शेठ पडला. पडला तो बायकांच्या त्या रांगेएवढ्याच मतांनी. वामनराव वकील निवडून आले, आणि संध्याकाळी त्यांच्या गळ्यातला हार शेठच्याच दुकानातून गेला.

घरी येऊन शेठनं टोपी खुंटीला अडकवली. बराच वेळ भिंतीला टेकून बसला. मग आपणच हसला.

“तुले काय बोलू? रीतच तशी. माह्यं नाव तुह्या तोंडून निंघालं नसतंच.” थोड्या वेळानं म्हणाला, “सकाळी फुलं उतरून घ्याची हायेत. मीच जातो.”

“याले घेऊन जाजा संगं,” ती म्हणाली.

“नेतो.”

तो पाय धुवायला न्हाणीत गेला. देवीदास तिच्या मांडीवर येऊन बसला.

“मा, सारे काहून हासले व? बाबाचं नाव शेठ नाही?”

पार्बताबाईनं न्हाणीच्या दाराकडं पाहिलं. आत पाणी पडत होतं. तिनं पोराचा डावा कान आपल्या तोंडाशी घेतला.

“गोवर्धन,” ती म्हणाली. जरासुद्धा न अडखळता. “गोवर्धन पुंजाराम निंभोरकर.”