वेलीचं देज

"तेलताडासाठी अख्खी टेकडी साफ केली मावशी, एक रानवेल ठेवली नाही!" एस्मीला मागणी घालायला आलेल्या डडलीनं फुशारकी मारली.

एस्मीच्या आईनं, सेसिलीनं, तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात सरकवली. "मोठा शहाणा! त्याच वेलीवर आपल्या पापुआतली हाताएवढी फुलपाखरं वाढतात. पोरीसाठी द्यायची देजाची डुकरं राहू देत. आधी वेल लाव. तिच्यावर अळ्या आल्या, की पोरगी तुझी."

दोन पावसाळे डडलीनं वेल पोटच्या पोरासारखी जपली. मग एका सकाळी तो बोंबलतच आला. "मावशी, अळ्यांनी वेल फस्त केली! एक पान ठेवलं नाही!"

"अरेरे!" वाटेनं जाणारा ताडबागेचा मुकादम हळहळला. "फार नुकसान झालं का?"

"नुकसान कसलं?" सेसिली म्हणाली, "पोरीचं लग्न ठरलं!"