दारातल्या सपाता

व्हिएतनामी थाओच्या बापाचा व्हिसा प्लझेन शहरातल्या कारखान्याचा, आईचा इथल्या दुकानाचा; पोर मात्र तान्ही असल्यापासून माझ्याकडे, म्हणजे पगारी चेक आजीकडे. पोरीला कायमच्या वास्तव्याचा परवाना आईमुळे मिळणार, पण ती आईजवळ राहत असेल तरच. सगळी उत्तरं मीच तिला पढवली होती, तरी परवान्याच्या ऑफिसात माझा पाय हलायचा थांबेना. “पाय आवरा, आजीबाई!” टेबलामागच्या अधिकारी मॅडम डाफरल्या आणि थाओकडे वळल्या. “घरातल्या सपाता कुठे असतात गं तुझ्या?” आईबापाचे चेहरे उतरले. आम्हा चेक माणसांत जिथे सपाता तिथेच घर; हेच विचारणार, मला ठाऊक होतं. सकाळीच माझ्या दारातल्या थाओच्या लाल सपाता तिच्या आईच्या दारात ठेवून आले होते. “आईकडे,” थाओ म्हणाली. “घर तपासायला कधीही येऊ,” म्हणत मॅडमनी शिक्का मारला. जिन्यात थाओने माझं बोट धरलं. “आजी, मग आज तुझ्याकडे पायात काय घालू?” माझा पाय पायरीवरच थांबला.