पत्रिकेतला कंस

पत्रिकांचा गठ्ठा सुटला आणि धुडकूआबांनी पहिली पत्रिका सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी वाचली, "चि. योगेंद्र! कंसात, बी.एस्सी. गणित!"

त्यांच्या पोरानं, योगेंद्रनं, मान खाली घातली. पांडेसऱ्याच्या चाळीला वाटलं, नवरदेव लाजतोय. लाजतच होता. कारण वेगळं होतं.

कंसातली पदवी अजून मिळायची होती. एक पेपर राहिला होता, मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस. गेल्या वर्षी निकाल पाहून तो घरी पोचायच्या आतच आबांनी पेढे वाटून टाकले होते. दारातच एक त्याच्याही तोंडात कोंबला. तोंडात पेढा असताना नापास झालो म्हणता येत नाही, आणि तो गिळेपर्यंत उशीर झालेला असतो.

"आबा, पदवी छापायलाच पाहिजे होती का?"

"मंग! खान्देशनी पत्रिका शे. डिग्री नही टाकी ते लोके काय म्हनतीन? तुन्हा सासरानी बी टाकेल शे, देख!"

टाकली होती खरी. वधूपित्याच्या जागी ठसठशीत अक्षरं: लोटू सुकलाल पाटील (बी.एस्सी. गणित). लोटूआण्णांचं उधन्यात साड्यांचं दुकान. पदवी दुकानाच्या पाटीवर होती, स्कूटरवर होती, दळणाच्या डब्यावरही होती. पोरगी द्यायची तर गणितवाल्यालाच, नापासाला उंबरा ओलांडू देणार नाही, असा त्यांचा पण.

विद्यापीठानं यंदा नव्याजुन्या सगळ्याच नापासांना एक शेवटची संधी दिली होती. योगेंद्र कापडाच्या डाइंग मिलमधली सकाळची पाळी संपवून दुपारी गुपचूप वर्गात बसायचा, शेवटच्या बाकावर. पोरं त्याला 'मोटाभाई' म्हणत. एकदा तर नव्या सरांनी "पालकांनी बाहेर थांबावं" म्हणून सांगितलं. तो थांबलाही.

त्यात लोटूआण्णांचा रोज संध्याकाळी फोन. होणाऱ्या बायकोचा, चंचलचा, फोन एखादे दिवशी चुके, तिच्या बापाचा नाही.

"जावईबापू, आपलं गंमत म्हणून विचारतो. ते कॅल्क्युलसमधलं लाग्रांज काय प्रकरण असतं हो?"

योगेंद्रला वाटे, म्हाताऱ्याला कुणकुण लागलीय, परीक्षा घेतोय! तो वही उघडून, जमेल तेवढ्या शांतपणे सांगे. पलीकडून नुसतं "हं, हं." मग ठरलेलं वाक्य, "पुन्हा एकदा सांगा. सावकाश."

"चुकलं का आण्णा?"

"चुकलं कोण म्हणतंय? सांगा तुम्ही."

या धाकानं त्याचा अभ्यास मात्र झाला. उभ्या वर्षात झाला नव्हता तेवढा.

मंगळवारी गाडी खोगीरबिंदूवर अडली. योगेंद्रनं तीनदा समजावलं. एका बाजूनं पाहावं तर आपण माथ्यावर, दुसऱ्या बाजूनं पाहावं तर खळग्यात. आणि उभे मात्र एकाच जागी.

योगेंद्रला राहवेना. "आण्णा, एक सांगायचं होतं. पत्रिकेतल्या त्या कंसाबद्दल..."

"कंसाचं काय?" आण्णांचा आवाज एकदम चढला. मग उतरला. "ते लग्नानंतर बघू. आणि उद्या फोन करणार नाही. नवापूरला पत्रिका वाटायला जातोय."

योगेंद्रनं सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी पत्रिकांची लाल पिशवी खांद्याला लावून, आबांना "व्याऱ्याला वाटून येतो" असं सांगून तो परीक्षेच्या केंद्रावर गेला. पिशवी बाकाखाली ढकलली. आजूबाजूला सगळी कोवळी पोरं. फक्त पुढच्या बाकावर, भर उन्हाळ्यात मफलर गुंडाळलेला एक म्हातारा. आपल्याहून निर्लज्ज कुणीतरी आहे, हे पाहून योगेंद्रला जरा बरं वाटलं.

पेपर वाटायला पाच मिनिटं होती. म्हाताऱ्यानं आपल्या पायाशी असलेली तशीच पत्रिकांची लाल पिशवी बाकाखाली सरकवली, मफलर थोडा खाली केला आणि मागे न वळता हळूच म्हणाला,

"जावईबापू, तो खोगीरबिंदू. पुन्हा एकदा सांगा. सावकाश."