अर्धा अँपिअर

निवृत्तीनंतर इलेक्ट्रिशियन आणि त्याची बायको कॅम्पर व्हॅनमध्येच राहत. दुपारी चारला ती फोन चार्जिंगला लावायची आणि हा खेकसायचा, "बॅटरी उतरवशील! बहिणीशी उद्या बोल."

"तुमच्या पंख्याला बरी पुरते बॅटरी!" असं म्हणत ती पिन उपसायची.

एकदा अशीच पिन उपसली, आणि उद्या उजाडण्याआधीच ती गेली. फोन त्याने तिच्या बहिणीला देऊन टाकला.

तरी रोज चारला बॅटरीच्या मीटरचा काटा अर्ध्या अँपिअरवर सरकायचा, तिचा फोन लावल्यावर सरकायचा तसाच. आज त्याने एकेक फ्यूज काढला, शेवटी बॅटरीची तारच सोडवली. काटा अर्ध्यावरून हलेना.

तो चार्जिंगच्या सॉकेटाकडे वळला. "लाव गं. हवं तेवढं बोल तिच्याशी."

रिकाम्या सॉकेटातून पिन उपसल्याचा आवाज आला. काटा शून्यावर गेला.